गोधडीचा घास

गोधडी शिवताना बाई गोधडीवरच बसते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की हसू येतं, पण दुसरा इलाज नसतो. एवढं मोठं कापड मांडीवर मावत नाही. ते जमिनीवर अंथरायचं, सुरकुती राहू नये म्हणून ताणून कडेला दगड ठेवायचे, मग वर बसायचं आणि टाका घालत सरकत जायचं. संध्याकाळी कंबर धरलेली असते आणि गोधडी मात्र बसून बसून मऊ झालेली असते.

मला हे काम आवडलं, कारण यात मान खाली असते. मी बोलायला भिणारी. लग्न होऊन ओतूरजवळच्या या गावात आले तेव्हा सगळ्यांबरोबर टोमॅटो तोडायला जायचे. टेम्पोत बायकांची चेष्टामस्करी चालायची आणि कुणी मला काही विचारलं की मी टेम्पोबाहेर बघत बसायचे. आमच्या शेजारची इंदू तोंडाची तिखट, पण मनाची चांगली. ती म्हणायची, "कमलला टोमॅटोच्या क्रेटात घालून पाठवली, तरी मुंबई येईस्तोवर हूं का चूं करायची न्हाई."

माझ्या सासूबाई गोधड्या शिवायच्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांनी माझी तऱ्हा बघितली आणि एका हंगामात मला टेम्पोतून उतरवून आपल्यासमोर बसवलं. शिकवणं असं काही नव्हतं. टाका लांब पडला की त्या सुईच्या मागच्या टोकानं बोटावर टिचकी मारायच्या. दोन दिवाळ्यांत माझा टाका त्यांच्यासारखा पडायला लागला. त्याचं कौतुक त्यांनी तोंडानं कधी केलं नाही. फक्त टिचकी मारायचं थांबवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर आणि खाली सुती लुगडी किंवा साड्या, वापरून मऊ झालेल्या. मधे जुनी धोतरं, चादरी, मुलांचे कपडे, जे असेल ते, पण धुतलेलं. कडा मुडपून घ्यायच्या आणि कडेपासून आतवर धावदोरा घालत यायचं. तीन कोपरे आधी बंद होतात. चौथा उघडा ठेवायचा. सगळी गोधडी भरून झाली की त्या उघड्या कोपऱ्यातून आत भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर बाजरी सरकवायची, मग कोपरा दुहेरी टाक्यानं बंद करायचा. याला आम्ही घास म्हणतो. गोधडी उपाशी ठेवायची नाही, असं आमच्या घरात आहे. आत्याबाईंना त्यांच्या आईनं सांगितलं, मला त्यांनी, मी इतर बायकांना. का, असं मी कधी विचारलं नव्हतं. भाजीत मीठ का घालतात असं कुणी विचारतं का?

त्या वेळची गिऱ्हाइकं आसपासचीच. एकदा पारगावहून साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. बायको वारलेली, तिच्या साड्यांचं गाठोडं घेऊन. एका साडीचा काठ चुलीपाशी जळून तपकिरी झाला होता. मी तो आत दुमडायला निघाले, तर म्हणाले, "ताई, त्यो वर घ्या. तोंडाशी येईल असा." पुढच्या खेपेला ते गोधडी न्यायला आले तेव्हा चौथा कोपरा उघडाच ठेवला होता, कारण घास त्यांच्या घरचा हवा होता. त्यांनी रुमालातून भाकरी काढली आणि संकोचून म्हणाले, तिच्या हातची आता कुठली, सुनेच्या हातची चालंल का?

आत्याबाई म्हणाल्या, "चालंल की. गोधडीला पोट भरल्याशी काम."

हे त्यांचं बोलणं मला पुढं फार उपयोगी पडलं, म्हणून इथं लिहून ठेवते.

नंतर बाजारात मऊ मऊ ब्लँकेटं आली. फुलाफुलांची, वाघाच्या चित्रांची. लोक गोधडी शिवायला द्यायचे थांबले. आत्याबाईंचे गुडघे गेले आणि मी परत टोमॅटोच्या टेम्पोत चढले.

त्याच सुमारास स्वाती आमच्या आळीत सून म्हणून आली. माहेर चाकणचं, शिकलेली, कंपनीत कॉम्प्युटरवर काम केलेली. तिच्या मुलाच्या बारशाला मी एक छोटी गोधडी नेली होती. तिनं त्या गोधडीचा फोटो काढून फोनवर कुठंतरी टाकला. मला वाटलं, नातेवाइकांना दाखवायला असेल. महिन्याभरानं ती पळत आमच्या दारात आली आणि म्हणाली, "काकू, न्यूझीलंडहून विचारतायत, अशी मोठी मिळेल का?"

आमच्या ह्यांना न्यूझीलंड क्रिकेटमुळं माहीत होतं. मला तेवढंही नव्हतं.

विचारणारी बाई म्हणजे मार्टा. तिचं तिथं लहानसं दुकान, अंथरूण-पांघरुणाचं. तिथून ती फोनवर आणि दुकानात दोन्हीकडं विकते. आधी एक गोधडी गेली, मग चार, मग खोकं भरून. आम्ही सात-आठ जणी स्वातीच्या पडवीत बसायला लागलो. इंदूही आली. मला आठवतं, पहिल्यांदा खोकं गेलं त्या दिवशी इंदू त्याच्यावर हात ठेवून म्हणाली, "आपून जुन्नरच्या पुढं गेलो न्हाई, आन ही बया इमानात बसली."

परदेशी माल पाठवायचा म्हणजे नियम असतात. साड्या गरम पाण्यात धुवायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. डांबराच्या गोळीचा वास नको, चुलीच्या धुराचा वास नको. सुई मोडली तर तिचं टोक सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. गोधडी पॅक करण्याआधी स्वाती तिच्यावरून लोहचुंबक फिरवायची. तिथल्या एका गिऱ्हाइकानं लिहिलं की टाके सारखे नाहीत. आम्ही घाबरून मोजूनमापून घालायला लागलो. लगेच दुसऱ्या एकीनं लिहिलं की टाके सारखे नाहीत हेच तिला फार आवडलं. इंदू म्हणाली, "आदी त्यांचं त्यांनी ठरवावं म्हणावं."

मार्टानं अजून एक मागितलं. प्रत्येक गोधडीला आतल्या बाजूनं कापडाची छोटी पट्टी. तिच्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला. त्याच्यावर फोन धरला की ही गोधडी कुणी शिवली ते दिसतं, नाव आणि फोटो. सगळ्याजणी नटून आल्या. इंदूनं तर लग्नातली पैठणी काढली. माझी पाळी आली तेव्हा मी आत निघून गेले. स्वातीनं फार समजावलं, पण माझ्यानं झालं नाही. शेवटी तिनं माझ्या हातांचा फोटो काढला, सुई धरलेला. माझ्या पट्टीत तेवढंच दिसायचं.

आमचं चांगलं चाललं होतं. माझ्यासाठी तर फारच. आत्याबाई तोवर खाटेवरून उठेनाशा झाल्या होत्या. काम घरी आणल्यामुळं त्यांचं सगळं मला करता येत होतं. त्यांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, आणि त्यांच्या खाटेशेजारी गोधडी अंथरून शिवत बसायचं. हे काम गेलं असतं तर मला शेतावर जावं लागलं असतं, आणि दिवसभर त्यांच्याजवळ बसायला घरात कुणी नव्हतं.

मार्टाला थंडीसाठी मोठा माल हवा होता. तिकडं थंडी आपल्या पावसाळ्यात पडते. तिथं एक जत्रेसारखं प्रदर्शन असतं, त्यात तिनं जागा घेतली होती. आम्ही उन्हाळाभर शिवलं. यावेळी खोकी बोटीनं गेली. विमानाचं भाडं परवडत नव्हतं आणि वेळ हाताशी होता. बोटीत दमट हवा असते हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एका सकाळी स्वातीनं सगळ्यांना बोलावलं. तिचा चेहरा उतरला होता. तिच्या फोनवर गोधडीचा फोटो होता, दवाखान्यात हाडांचा काढतात तसा. बंदरावर यंत्रातून गोधड्या बघितल्या होत्या. प्रत्येकीच्या एका कोपऱ्यात ठिपके दिसत होते. एका गोधडीच्या कोपऱ्यातून किडे बाहेर आले होते. त्या देशात बाहेरचं बी आणि धान्य आत येऊ देत नाहीत. कीड आली तर त्यांची शेतं धोक्यात येतात. म्हणून सगळी खोकी त्यांनी अडवली होती.

"यात काय घातलंय?" स्वातीनं विचारलं.

आम्ही एकमेकींकडं बघितलं. इंदू म्हणाली, "काय म्हंजे? घास."

स्वातीला घास माहीत नव्हता. तिच्या माहेरी गोधड्या विकत आणलेल्या. एवढी खोकी गेली, आधीच्या खेपांचं नशीब बलवत्तर म्हणून त्या तपासातून सुटल्या, पण आमच्यापैकी कुणालाही हे तिला सांगावंसं वाटलं नव्हतं. लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. ती खाली बसली. मग म्हणाली, त्यांनी तीन गोष्टी सांगितल्यात. माल जाळायचा, परत पाठवायचा, नाहीतर बंदरावरच्या साहेबांसमोर प्रत्येक कोपरा उघडून साफ करायचा आणि मग सगळा माल गरम खोलीत ठेवून कीड मारायची. तिन्हीचा भार मार्टावर. जाळला तर तिचं दुकान पुन्हा आपल्याकडून घेणार नाही. घ्यायची तिच्यात ताकदच राहणार नाही.

किडे निघालेली गोधडी माझी होती. पट्टीवर फोन धरल्यावर त्यांना माझे हात दिसले होते.

घरी येऊन मी आत्याबाईंना सांगितलं. इंदू माझ्यामागं आली होती. ती म्हणाली, पुढच्या टायमाला घास घालायचा न्हाई, झालं, मिटलं. आत्याबाईंनी तिच्याकडं नुसतं बघितलं आणि मला म्हणाल्या, "मग माझ्याकडून शिकलीस म्हनून कुनाला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वाती फोन घेऊन आमच्या घरी आली. आपल्याकडं सकाळ तेव्हा तिकडं दुपार. मार्टाला हे हात ज्या बाईचे आहेत तिच्याशी बोलायचं होतं. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. स्वाती हळू म्हणाली, "काकू, तोंड दाखवू नका. हात दाखवा. पण बोला. तिला आज बंदरावर उत्तर द्यायचंय."

मग मी खाली बसले. स्वातीनं फोन माझ्या हातांवर धरला. पडद्यावर एक पिकल्या केसांची बाई, चष्मा कपाळावर सरकवलेला. ती तिच्या भाषेत बोलली की फोन ते मराठीत सांगायचा, बातम्या दिल्यासारखं. म्हणाला, "आपण गोधडीमध्ये अन्न का ठेवता, हे कृपया सांगाल का?"

इंदू मागून पुटपुटली, "लई मानानं बोलतोय राव ह्यो. आमच्या घरात असं कुनी बोलत न्हाई."

तिच्या त्या बोलण्यानं मला हसू आलं. मी माझ्या हातांकडं बघत सांगितलं. "जो पांघरणार, तो गारठलेला असतोय. त्याला ऊब द्यायची तर गोधडीच्या पोटात काय तरी पायजे. आपून उपाशी असलो तर दुसऱ्याला काय देनार? म्हनून आमी तिला जेवू घालतो. दुसरं काय न्हाई त्यात."

फोननं ते तिकडं सांगितलं. मग मार्टा बोलली आणि फोन म्हणाला, "मी ते कोपरे उघडले, तर त्या सर्व उपाशी राहतील का?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या डोळे मिटून पडल्या होत्या, पण ऐकत होत्या.

"तिला इचार, तिच्या घरी भाकरी करत्यात का?"

स्वातीनं विचारलं. मार्टा पाव करते, घरी भाजते.

"मग पाव घाल म्हनावं. पोरगी नांदायला गेली की सासरचंच अन्न खाती. माह्यारची शिदोरी जन्मभर पुरती व्हय?"

स्वाती म्हणाली, आजी, पण आत नाही घालता येणार, नियम आहे.

"आत कशाला? कोपऱ्यावर ठेवायचा, मग घरच्या मानसानं उचलून खायाचा. गोधडीला पोचतंय."

मी विचारलं, "आत्याबाई, मंग आपून इतकी वर्सं आत का घालत व्हतो?"

"आपल्या गोधड्या कुठं परदेशी जायच्या व्हत्या. घरातल्या घरात राहायच्या. त्यांचं त्यांच्यापाशी राहू दिलं." आणि थांबून म्हणाल्या, "उंदरांचीबी सोय व्हायची."

हे सगळं फोननं मार्टाला सांगितलं. उंदरांचंसुद्धा. ती हसली, तिनं डोळे पुसले आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. तिनं माल जाळायचा नाही असं ठरवलं.

बंदर तिच्या गावापासून लांब होतं. ती स्वतःची गाडी घेऊन तिथं गेली. मोठ्या शेडमध्ये एका टेबलापाशी तिला बसवलं होतं आणि शेजारी गणवेशातला एक साहेब उभा. तो कोपरा उघडायचा, आतलं पिशवीत घालून पिशवी बंद करायचा. मग तो कोपरा मार्टानं शिवायचा. पण तो दुहेरी टाका तिला येत नव्हता. म्हणून आमच्या घरात पुन्हा फोन लागला.

मी तो पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, असा की माझे हातच दिसतील. एका जुन्या कोपऱ्यावर टाका हळूहळू घालून दाखवला. फोन दोनदा पडला. तिला सुई टोचली. तिची बोटं जाड होती आणि बारीक सुई तिच्या बोटांत दिसतही नव्हती. मी "सावकाश" म्हणाले, आणि ते फोननं भाषांतर करायच्या आधीच तिला कळलं. पाच-सहा कोपऱ्यांनंतर तिचा टाका बसायला लागला, वाकडा, पण घट्ट. कापड सरकत होतं म्हणून शेवटी तो साहेब एका हातानं कोपरा धरून उभा राहिला.

आत्याबाईंना मी फोन फिरवून दाखवला. त्या म्हणाल्या, "ह्यो बाप्या कोन?"

साहेब आहे म्हणून सांगितलं.

"धरू दे, धरू दे. बसवून ठिवू नको त्याला."

दुपारी मार्टानं आपला डबा काढला. पावाचा तुकडा मोडून तिनं एका बंद झालेल्या कोपऱ्यावर ठेवला, थोडं थांबली, मग उचलून खाल्ला आणि कोपरा नीट झटकला. साहेबानं काहीतरी विचारलं. तिनं सांगितलं. तो पुढच्या गोधडीकडं वळला. त्याला काय वाटलं ते मला माहीत नाही, पण त्यानं तिला घाई केली नाही. त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही. त्याची मी आजही आठवण काढते.

माझी ती किडे लागलेली गोधडी मात्र वाचली नाही. ती त्यांनी जाळली. मार्टा प्रदर्शनाला उशिरा पोचली, पण पोचली. आणि काम थांबलं नाही.

तेव्हापासून आम्ही गोधडी इथून रिकामी पाठवतो. पॅक करण्याआधी पडवीत अंथरून तिच्या कोपऱ्यावर भाकरी ठेवतो, खातो, आणि स्वाती ब्रशनं कण नि कण झाडते. लोहचुंबक फिरवल्यावर हे तिचं दुसरं काम. तिकडं मार्टा प्रत्येक गोधडीबरोबर कार्ड घालते: पांघरण्याआधी हिला तुमच्या घरचं काही खाऊ घाला. लोक खरंच घालतात आणि फोटो पाठवतात. कुणी पाव ठेवतं, कुणी बिस्कीट, एकानं उकडलेला बटाटा ठेवला होता. आत्याबाईंना ते फोटो दाखवणं हा माझा रोजचा उद्योग झाला. त्या प्रत्येकाची परीक्षा घ्यायच्या. "कोरडाच हाय. लोनी लाव म्हनावं." बटाट्याला मात्र त्यांनी मान्यता दिली.

सगळंच चांगलं झालं असं नाही. मागच्या वर्षी जुन्नरच्या बाजारात दोरा आणायला गेले, तर एका दुकानात गोधडी म्हणून चादर टांगलेली. टाके छापलेले होते, शाईचे. बोट फिरवलं तर सपाट. आमचाच एक नमुना, फोनवरून उचललेला असावा. दुकानदार म्हणाला, "मावशी, घ्या, धुवायला सोपी." मी दोरा घेऊन आले. वाईट वाटलं, पण ज्या फोननं तो नमुना नेला, त्याच फोननं मार्टाला आमच्या घरात आणलं. तेव्हा कुणाला बोल लावणार?

आत्याबाई गेल्या थंडीत गेल्या. शेवटपर्यंत त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी टाका घालत होते आणि त्या बघत होत्या. या कामानं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगेन. जास्त काही सांगता येणार नाही.

त्यांच्या लुगड्यांची मी गोधडी शिवली, माझ्यासाठी. हिरवं लुगडं वर घेतलं. तीन कोपरे बंद झाले तेव्हा इंदू शेजारी येऊन बसली. मी डब्यातून भाकरीचा तुकडा काढला, बाजरीचे दाणे घेतले आणि चौथ्या कोपऱ्यातून आत सरकवले.

"किडं व्हतील गं," इंदू म्हणाली.

"होऊ दे," मी म्हणाले. "ही कुठं जायची न्हाई."

आणि कोपरा दुहेरी टाक्यानं बंद केला.